बावीस अंशांची पेटी

धाहरान, सौदी अरेबिया,
शुक्रवार, दिनांक ७ जुलै २००६

श्री. भालचंद्रराव टिपणीस यांचे सेवेशी,

सदानंद राघोबा नागवेकर याचा नमस्कार पोहोचावा. येथे माझा मुलगा सुमीत, आपली कन्या अनुष्का व नातू शर्विल हे प्रकृतीने ठीक आहेत. विहीणबाई पद्मिनीताईंच्या गुडघ्यास उतार पडला असेल, अशी आशा करतो. माझे वय त्र्याहत्तर असून मला कोणताही विकार नाही. उष्मा मात्र फार आहे. दुपारी अंगणातील नळाचे पाणी हातावर घेता येत नाही.

हे पत्र कंपनीच्या बसचे चालक फकरुद्दीन पावसकर यांच्या हाती पाठवीत आहे. ते आमच्याच भागातले असून उद्या सुट्टीवर रत्नागिरीस जात आहेत. मुंबईत उतरल्यावर ते ठाण्यास येऊन पत्र आपल्या हाती देतील. पोस्टाने पाठविले नाही, कारण या देशात ज्या पदार्थास बंदी आहे त्याचा उल्लेख मजकुरात वारंवार येणार आहे. फकरुद्दीन मला म्हणाले, "काका, एवढे कागद? व्याह्यांना लिहिताय की कोर्टाला?" मी त्यांस आपला पत्ता पुन्हा समजावून सांगितला.

माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंत झाले आहे, हे आपण जाणता. आपण रसायनशास्त्राचे प्राध्यापक होता. तथापि या पत्रात आपणांस शुद्धलेखनाची चूक सापडणार नाही. लेखी मजकुरात काही गाळू नये, असे आमचे मास्तर सांगत असत. म्हणून आपणांस ठाऊक असलेल्या गोष्टीही मी क्रमाने लिहीत आहे.

मी फेब्रुवारीत येथे आलो. आपण मे महिन्याच्या चार तारखेस आलात. मधले जवळजवळ तीन महिने या घरात मी एकटाच वडीलधारा होतो. शर्विल शाळेतून आला की माझ्याजवळ बसत असे. तो इंग्रजीत विचारी, मी मराठीत सांगत असे, आणि आमचे उत्तम चालले होते. माडावर चढताना पायांत दोरीचे कडे कसे अडकवावे, पोय, म्हणजे माडाचा न उमललेला तुरा, कशी बांधावी, तिला कोयतीने किती पातळ कापावे, हे सर्व त्याने माझ्याकडून चार-चार वेळा ऐकले. आमच्या घराण्यात माडी काढण्याचे काम पाच पिढ्या चालत आले आहे. पहाटेची नीरा गोड असते, सूर्य वर येतो तशी ती चढते, आणि दुपारपर्यंत आंबट होते. कोणत्या वेळी कोणते मडके उतरवावे हे मला बोट बुडविल्याशिवाय, केवळ मडक्याला हात लावून कळत असे. लोक गावखडीपासून आमच्याकडे येत. हे बढाई म्हणून लिहीत नाही.

सुमीत येथे घरी बिअर करतो, हे मी आलो तेव्हाच मला समजले. बापाची विद्या पोराने निराळ्या वाटेने का होईना उचलली, म्हणून मला आतून बरे वाटले. बाजारात मिळणाऱ्या बिनअमली जवाच्या पेयात तो साखर व यीस्ट घाली. ते आंबून शांत झाले की आणखी थोडी साखर टाकून जाड काचेच्या, तारेच्या झाकणांच्या बाटल्यांत भरी. बाटलीत उरलेले यीस्ट ती साखर खाते आणि त्यातून फेस तयार होतो, असे त्याने मला सांगितले. परंतु तीन वेळा करूनही त्याच्या बिअरला फेस आला नाही. घरात एसीचा इतका गारठा असे की मला जूनमध्येही बनियनवर स्वेटर घालावा लागे. मी त्यास म्हणालो, "सुमीत, थंडीत कुठलीही गोष्ट आंबत नाही. बाटल्या उबेला ठेव."

तो म्हणाला, "बघू."

मग आपण आलात. फेस का येत नाही, हे सुमीतने आपणांस विचारले. आपण बॅगेतून थर्मामीटर काढलात, शर्विलला वही आणावयास सांगितलीत, आणि दोघांनी दोन दिवस घरभर हिंडून मोजमाप घेतले. झोपण्याच्या खोलीत अठरा, स्वयंपाकघरात एकोणतीस, बैठकीच्या खोलीतील कपाटात, दार दोन बोटे उघडे ठेवल्यास, बावीस. रात्रीच्या जेवणाच्या वेळी आपण जे बोललात ते मला अक्षरशः आठवते. आपण म्हणालात, "यीस्टला झोपवायचं नाही आणि पळवायचंही नाही. अठरा अंशांना ते झोपतं. तिशीच्या वर पळत सुटतं आणि वास मारायला लागतं. बावीस अंश, तीन आठवडे. मग बघा."

सुमीत म्हणाला, "नाना, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर!"

मी समोरच बसलो होतो. थंडीत आंबत नाही, हे मी त्यास मार्च महिन्यातच सांगितले होते. मी तसे बोलून दाखविले. तेव्हा तो हसून म्हणाला, "अहो बाबा, ही माडी नव्हे."

त्यावर शर्विलने पेन्सिल वर करून मला विचारले, "आजोबा, व्हॉट्स द टेम्परेचर ऑफ माडी?"

साठ वर्षांत मला ते कोणी विचारले नव्हते. माझी अडचण आपण ओळखलीत आणि शर्विलला म्हणालात, "अरे, तुझ्या आजोबांचा हात हाच थर्मामीटर आहे. त्यांना आकडा लागत नाही." सगळे कौतुकाने हसले. आपण ते चांगल्या मनाने बोललात, याविषयी मला तेव्हाही शंका नव्हती. मला त्याचाच अधिक राग आला. मी अडखळलो होतो आणि मला हात देऊन उठविणारे आपण होता.

त्या दिवसापासून शर्विल माझ्याकडे येईनासा झाला. शाळेतून आला की दप्तर टाकून तो कपाटाकडे धावे, आकडा वाचून वहीत लिही, आणि "नाना, ट्वेंटी टू!" असे ओरडे. त्या आकड्यात ओरडण्यासारखे काय होते, हे मला समजत नसे. आकडा रोज तोच असे.

आता पेटीविषयी लिहितो.

बारा बाटल्यांची ती पेटी जून महिन्याच्या तीन तारखेस भरली. सुमीतने तिच्यावर चिकटपट्टी लावून 'नाना' असे लिहिले. त्यानंतर, सुट्टीचे दिवस सोडून, आपण रोज सकाळी साडेआठच्या बसने कंपनीच्या ग्रंथालयात जात होता व एकच्या सुमारास परत येत होता. सुमीत कामावर जाई. अनुष्का शिकवावयास व शर्विल शिकावयास शाळेत जात. घरात मी एकटा असे. त्या काळात मी ती पेटी कपाटातून काढून मागील अंगणात ठेवीत होतो. एसीच्या यंत्राची गरम हवा जेथे फेकली जाते तेथे, भर उन्हात, वर जुनी चादर टाकून. बाटल्या चार-चार करून बादलीतून नेत असे. साडेबाराला पुन्हा आत आणून, ओल्या फडक्याने पुसून, होत्या त्याच क्रमाने लावीत असे. थर्मामीटर कपाटातच राही. म्हणून आपल्या वहीत रोज बावीस लिहिले गेले.

असे मी सहा दिवस केले.

येथपर्यंत लिहून मी उठलो होतो. पाणी प्यालो. परत येऊन वाचले, तेव्हा दिसले की मी हे का केले ते लिहिलेले नाही. पहिल्याने मनात असे लिहावयाचे होते की, माझ्या मते ऊब आवश्यक होती व बिअर लवकर तयार होऊन सुमीतला आनंद व्हावा, एवढाच माझा हेतू होता. ते असत्य आहे. पेटीवर आपले नाव होते. ती चांगली झाली असती तर शाबासकी आपणांसच मिळाली असती. मग मी ती उबेस ठेवून चांगली कशासाठी करीन?

माडीचे मडके उन्हात राहिले की ती आंबून शिरक्यासारखी होते आणि तोंडाला लावता येत नाही. हे मला कोणत्याही प्राध्यापकापेक्षा चांगले ठाऊक आहे. तीन आठवड्यांनी सर्वांसमक्ष पहिली बाटली उघडावी, सुमीतने घोट घ्यावा, तोंड वाकडे करावे, आणि आपली बावीस अंशांची विद्या तेथेच संपावी, असे मला वाटत होते. शर्विलने ते पाहावे, असे वाटत होते. मी पेटी आंबट करण्यासाठीच उन्हात ठेवली.

बाटली फुटेल, हे मात्र मला ठाऊक नव्हते. हे आपण मानावे. मडक्याचे तोंड उघडे असते, भालचंद्रराव. माडी कितीही उसळली तरी फेस कडेने ओघळतो, मुंग्या येतात, बस्स. साठ वर्षे मी उघड्या तोंडाच्या भांड्यात काम केले. झाकण घट्ट लावल्यावर आतला जोर कोठे जाणार, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. आपण तो केला होता. म्हणूनच आपण बावीस म्हणाला होता, हे मला आता समजते. मी त्यास केवळ आकडा समजलो.

सातव्या दिवशी, जूनच्या चौदा तारखेस, आपण ग्रंथालयातून लवकर आलात आणि कपाटासमोरच्याच खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसलात. पेटी बाहेर होती. मी तीन वेळा येऊन गेलो. आपण मला विचारलेत, "काय सदानंदराव, चैन पडत नाहीये का आज?" मी म्हणालो, "उकडतंय." आपण हसून म्हणालात, "स्वेटर काढा मग." दोन वाजता आपण स्नानास गेलात, तेव्हा मी बाहेर धावलो. बाटल्या इतक्या तापल्या होत्या की मला त्या पंचाने धरून आणाव्या लागल्या. शेवटची बाटली लावून मी दार लोटले, आणि त्याच वेळी शाळेची गाडी थांबल्याचा आवाज आला.

मी शर्विलला थांबवावयास हवे होते. मी सोफ्यावर बसून घाम पुसत होतो. त्याने दार उघडले आणि स्फोट झाला.

पुढचे आपण पाहिले आहे. त्याची डावी भुवई, ते रक्त, तीन टाके, आणि दवाखान्यात लोणच्याची बरणी पडली असे सांगावे लागले तेही. उरलेल्या बाटल्या सुमीतने गोधडीत गुंडाळून एक-एक मोरीत रिकाम्या केल्या, आणि घरभर फिनेल ओतून तो दाराशी उभा राहिला. वासाने शेजारी चौकशीला येतो की काय, कंपनीत कळले तर इकामा, म्हणजे येथे राहण्याचा परवाना, रद्द होऊन नोकरीही जाते की काय, या भीतीने त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्या चेहऱ्याने तो आपणांकडे वळून म्हणाला, "नाना, तुमच्या त्या बावीस अंशांनी माझ्या मुलाचा डोळा गेला असता."

आपण वही उघडलीत. पान उलटलेत. पुन्हा उलटलेत. मग हळू आवाजात म्हणालात, "बाटल्या भरताना साखर जास्त झाली असेल. माझीच मोजणी चुकली असणार."

मी तेथे पाच हातांवर उभा होतो. माझ्या खांद्यावर तो पंचा होता. मी बोललो नाही.

आपण पुढच्या बुधवारी परत गेलात. मुक्काम जुलैअखेरपर्यंतचा होता. आपणांस विमानतळावर सोडून आल्यावर, खरे सांगतो, दोन दिवस मला घर मोठे वाटले. शर्विल पुन्हा माझ्याजवळ बसू लागला. तिसऱ्या दिवशी त्याची पट्टी काढली. टाक्यांचा व्रण भुवईच्या अगदी कडेस आहे. तो पाहिल्यावर मला ते घर सहन होईना.

म्हणून मी सुमीतला सांगितले. हे आपणांस ठाऊक नाही. आम्ही दोघे गाडीतून अल खोबरला मासळी आणावयास चाललो होतो. मी म्हणालो, "सुमीत, पेटी मी उन्हात ठेवत होतो. नानांची चूक नव्हती."

त्याने गाडी कडेला घेतली. माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटले, आता तो मला येथेच उतरवील. परंतु त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "बाबा, पुरे. मला कळतं तुम्ही हे का बोलताय."

"का बोलतोय?"

"नाना अपमान होऊन गेले, अनुष्का रोज रडते, म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय. अहो, तुम्ही आणि बाटल्या उन्हात? तुम्हाला ते कपाट उघडताना मी एकदाही पाहिलं नाही."

"तू घरात नसायचास."

"बरं, बरं. यल्ला, चला, मासळी संपेल." गाडी सुरू करून तो पुन्हा म्हणाला, "तुमच्याएवढं मोठं मन मला मिळालं असतं ना, तर मी नानांना तसं बोललोच नसतो."

मी आणखी एकदा सांगावयास हवे होते. शपथ घ्यावयास हवी होती. पंचा, बादली, चादर, सर्व दाखवावयास हवे होते. परंतु माझ्या मुलाने इतक्या वर्षांत मला प्रथमच असे काही म्हटले होते. ते खोटे होते, तरी मी ते परत दिले नाही. त्याने घरी येऊन अनुष्काला सांगितले. तिने मला वाकून नमस्कार केला. त्या दिवशी तिने सुरमई तळली, तुकड्यांतील मोठा तुकडा प्रथम माझ्या ताटात वाढला, आणि मी दोन वेळा मागून घेतले.

तेव्हापासून आज अकरा दिवस या घरात माझा फार मान आहे. सुमीत मला विचारल्यावाचून काही ठरवीत नाही. शर्विलला सांगतो, "आजोबांसारखं व्हायला शिक." ज्या गोष्टीसाठी मी आपला मत्सर केला, ती मला पोटभर मिळाली आहे, आणि तीही आपल्याच नावावर डाग ठेवून.

हे असेच चालले असते. मला स्वतःविषयी भ्रम नाही. परंतु परवा विहीणबाईंचा दूरध्वनी आला. अनुष्काने तो सर्वांना ऐकू येईल असा लावला होता. विहीणबाई म्हणाल्या, "ह्यांनी मुलांना दाखवायचे रविवारचे प्रयोग बंद केले गं. बिल्डिंगमधली मुलं दाराशी येऊन उभी राहतात आणि हे आत बसून राहतात. म्हणतात, माझ्या हातून मोजण्यात चूक होते, कुणाच्या पोराला इजा झाली तर? परीक्षानळ्या सगळ्या बांधून माळ्यावर टाकल्या."

अनुष्का रडू लागली. सुमीत खाली पाहत राहिला. शर्विल म्हणाला, "बट नाना नेव्हर मेक्स मिस्टेक्स." त्या क्षणीही, भालचंद्रराव, मला पहिल्याने मत्सरच वाटला. नंतर लाज वाटली. हा क्रम मी लपवीत नाही.

आपली मोजणी चुकली नव्हती. साखर जास्त झाली नव्हती. कपाटात बावीस अंशच होते, आणि पेटी तेथे राहिली असती तर जूनच्या चोवीस तारखेस सुमीतने फेसाळ बिअर उघडली असती. मुलांना घरात घ्यावे. परीक्षानळ्या खाली काढाव्यात. ज्या हाताची चूक झाली तो हात माझा आहे.

मी आपणांजवळ क्षमा मागत नाही. ती मिळाली तर मला त्या रात्रीच्या जेवणासारखे पुन्हा आपल्या मोठेपणाखाली बसावे लागेल, आणि तेवढे बळ माझ्यात आज नाही. एक काम मात्र मागतो. हे पत्र वाचून झाल्यावर सुमीतला दूरध्वनी करावा व पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत त्यास वाचून दाखवावे. मी सांगितले तर तो त्यास माझ्या मनाचा मोठेपणा म्हणतो. आपण वाचलेत तर ऐकेल. आपले बोलणे तो मानतो, हे मला लिहावे लागत आहे, आणि ते लिहिताना लेखणी जड होते, हेही लिहून ठेवतो. शर्विल जवळ असल्यास त्यास दूर पाठवू नये. जे समजणार नाही ते त्यास इंग्रजीत सांगावे.

फकरुद्दीन मंगळवारपर्यंत ठाण्यास पोहोचतील. मंगळवारपासून रोज सायंकाळी मी दूरध्वनीजवळच्या खुर्चीवर बसेन. घंटा वाजली तर उचलून, एक शब्दही न बोलता, सुमीतच्या हाती देईन.

अक्षर माझे आहे, हे तो पुढे कधी पत्र पाहील तेव्हा ओळखील. कृत्य माझे आहे, हे त्यास आपणच पटवावे.

आपल्या कन्येचा सासरा,
सदानंद राघोबा नागवेकर